गाडी फुकट, टेम्पो तुमचा

सिग्नलला एखादी जुनी यामाहा आरएक्स हंड्रेड थांबली की शेजारचा स्कूटरवाला आधी तिच्याकडे बघतो, मग तिच्या मालकाला विचारतो, "विकायची का?" गाडी विकायला काढलेली नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. मालक मान हलवतो, सिग्नल सुटतो, निळा धूर मागे राहतो. पुढच्या सिग्नलला दुसरा कोणीतरी तोच प्रश्न विचारतो. ऐंशीच्या दशकात वीस हजारांच्या आत मिळणारी ही गाडी आज नीट सजवलेली असेल तर लाखाच्या पुढे बोलली जाते. त्यात इंजिनावर 'मेड इन जपान' असं कोरलेलं असेल तर मालक आकडा न सांगता नुसता हसतो. सुरुवातीच्या आरएक्सचे सुटे भाग जपानहून आले होते आणि इथे जोडले गेले होते, हे खरंच आहे. पण 'ही त्याच लॉटमधली' असं सांगून आजवर विकल्या गेलेल्या गाड्या एका जागी उभ्या केल्या, तर जपानला त्यासाठी आणखी एक कारखाना काढावा लागला असता.

ज्यांना आरएक्स परवडत नाही आणि जुन्या गाडीशिवाय करमतही नाही, अशा माणसांची जमात वेगळी. नव्या गाडीत त्यांचं मन रमत नाही, कारण नव्या गाडीत खोलण्यासारखं काही नसतं. बिघडली तर ती कंपनीत न्यायची, तिथला मुलगा तिला लॅपटॉप जोडतो आणि मालकाला काचेपलीकडे सोफ्यावर बसवून कॉफी देतो. यात पुरुषार्थ कुठे आहे? मग ही माणसं आरएक्सच्या बहिणींकडे वळतात.

बहिणी होत्या. त्या आता फारशा कुणाला आठवत नाहीत, एवढंच. ऐंशीच्या दशकापर्यंत आपल्याकडे दुचाकी म्हणजे बजाजची चेतक, आणि चेतक म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणं. मोटारसायकल हवी असेल तर राजदूत, येझदी किंवा बुलेट. सरकारने परदेशी सहकार्याचं दार किलकिलं केलं आणि शंभर सीसीच्या आतबाहेरच्या जपानी गाड्यांची एकदम रांग लागली. १९८४ साली होसूरहून इंड-सुझुकी आली. १९८५ साली धारुहेऱ्याहून हिरो होंडा सीडी हंड्रेड, त्याच वर्षाच्या शेवटी एस्कॉर्ट्सची यामाहा, आणि १९८६ साली बजाजची कावासाकी केबी हंड्रेड. यातली होंडा फोर-स्ट्रोक, बाकीच्या तिघी टू-स्ट्रोक. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी होंडाची जाहिरात होती. लोकांनी ती इतकी मनावर घेतली की कित्येकांनी इंजिनात ऑइल असतं हेही विसरून दाखवलं, आणि गाडी तरीही चालत राहिली.

या सगळ्यांच्या आधी एक थोरली येऊन गेली होती. एस्कॉर्ट्सने १९८३ साली यामाहाची आरडी ३५० 'राजदूत ३५०' या नावाने आणली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर, आणि पुढच्या चाकाला खर्च वाचवण्यासाठी डिस्कऐवजी साधा ड्रम ब्रेक. गाडी पळायची भन्नाट, थांबायची आपल्या मर्जीने. गाडी बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न 'ॲव्हरेज किती देते?' असा विचारतो अशा देशात ती दशकभरही टिकली नाही. आज तीच आरडी महेंद्रसिंग धोनीच्या गाड्यांच्या ताफ्यात आहे. त्यामुळे सामान्य माणसाने तिचा विषय काढू नये.

राहिली कावासाकी. पुण्यातल्या कोथरूडच्या एका गृहस्थांनी तीच धरली. त्यांच्या हिशेबाने हे शहाणपणाचं होतं. आरएक्स सगळ्यांनाच हवी, म्हणून महाग. केबी कुणालाच नको, म्हणून स्वस्त. आणि बजाज काय, आकुर्डीची म्हणजे घरचीच. गोष्टी कुणालाच नको असतात त्यामागे कधीकधी कारण असतं, हा मुद्दा त्यांच्या हिशेबात कुठे बसला नाही.

गाडी सापडली तासगावच्या बाजूला, नात्यातल्या एका वस्तीवर. गोठ्याच्या पडवीत, कडब्याच्या आडोशाला उभी. सीटचं रेक्झिन फाटून आतला काथ्या वर आला होता आणि घरची कोंबडी अंडी घालायला तीच जागा पसंत करत होती. गाडी तिथल्या तिघा भावांच्या वडिलांची, दादांची. थोरल्या भावाने सरळ सांगितलं, "पाव्हणं, गाडी एक नंबर हाय. फकस्त चालू न्हाई." तो म्हणाला घेऊन जा, पैशाचं काय न्हाई. मधला म्हणाला, पैशाचं न्हाई पण दादांची आठवण हाय. धाकट्याने एवढ्यात मोबाइल काढून एका आरएक्सची जाहिरात दाखवली, तिच्यावर लाखाचा आकडा होता. "ही आरएक्स नाही हो, ही केबी," असं गृहस्थांनी समजावलं. "पण जपानीच हाय की," धाकटा म्हणाला. यावर उत्तर नव्हतं. चहा झाला, दुसरा चहा झाला, दादांच्या आठवणीची किंमत हळूहळू उतरत आली आणि शेवटी असं ठरलं की गाडी जवळजवळ फुकट, टेम्पो तुमचा. तासगाव ते पुणे टेम्पोचं भाडं गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झालं. या छंदात उतरलेल्या कुठल्याही माणसाला यात नवल वाटणार नाही. निघताना त्या घरच्या काकूंनी एवढंच विचारलं, की आता कोंबडी कुठं बसवायची.

जुनी गाडी पुण्यात आली की मिस्त्रीकडे जाते. मिस्त्री गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो, बोटाने काहीतरी दाबून बघतो, वास घेतो आणि विचारतो, "साहेब, हिला कुणी खोललीय?" हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक गॅरेजमध्ये, प्रत्येक जुन्या गाडीबद्दल, याच सुरात विचारला जातो. आधीचा मिस्त्री हा नेहमीच अडाणी असतो. पुढे कधीतरी ही गाडी आणखी कुणाच्या हाती लागेल आणि तो मिस्त्री याच्याबद्दल हेच विचारेल, हे या मिस्त्रीलाही माहीत असतं. म्हणून तो फार जोरात बोलत नाही.

गाडी खोलायला लागल्यावर मात्र त्या आधीच्या मिस्त्रींची एकेक पिढी बाहेर येऊ लागते. पेट्रोलच्या टाकीच्या पोटाला एम-सीलचा थर होता. तो खरवडला तर खाली आणखी जुना एम-सीलचा थर, आणि त्याखाली पिवळट, गुळगुळीत असं काहीतरी. तो साबण निघाला. टाकी गळायला लागली की धुण्याच्या साबणाची वडी त्या जागी घासायची, म्हणजे पेट्रोल तात्पुरतं थांबतं, ही युक्ती खेडोपाडी सगळ्यांना ठाऊक आहे. तात्पुरतं म्हणजे किती हे मात्र कुणी ठरवलेलं नसतं. वायरिंगच्या मूळच्या रंगीत वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. त्यांच्या जागी मागच्या दिव्यापर्यंत गेलेली वायर लाउडस्पीकरची होती. किल्लीचं लॉक केव्हातरी बिघडलं असावं, कारण ते बाजूला ठेवून दोन टोकं एकमेकांना पिळून जोडायची सोय केली होती. वर चिकटपट्टी. एअर फिल्टर नव्हताच, त्याच्या जागी भांडी घासायचा स्पंज कोंबलेला. हँडल आरएक्सचं. म्हणजे निदान तेवढी तरी आरएक्स गृहस्थांना फुकटात मिळाली.

आता यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण एक गोष्ट कबूल करायला हवी. स्पंज, साबण, स्पीकरची वायर, पिळलेली टोकं यांच्या जोरावर ही गाडी वर्षानुवर्षं द्राक्षाच्या बागेत औषधाचे डबे आणि बाजाराला माणसं वाहत होती. ती बंद पडली ती दादा गेल्यावर, चालवायला कुणी उरलं नाही म्हणून. तिला जिवंत ठेवणारी प्रत्येक तडजोड आता गृहस्थ पैसे देऊन काढून टाकत होते, आणि तिच्या जागी कंपनीतून निघाली तशी गाडी परत आणू बघत होते. म्हणजे जी गाडी फक्त शोरूममध्ये, दादांनी पहिल्यांदा किक मारण्यापूर्वी, अस्तित्वात होती ती. शिवाय हे काम करणार कोण? तर त्याच तडजोडी करण्यात ज्याची हयात गेली तो मिस्त्री.

रॉबर्ट पिर्सिगच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' या १९७४ सालच्या पुस्तकात नेमका हाच तंटा आहे. निवेदकाच्या मित्राकडे बीएमडब्ल्यू असते आणि तिचं हँडल घसरत असतं. निवेदक सांगतो, बीअरच्या ॲल्युमिनियमच्या डब्याची पट्टी कापून मध्ये घाल, घट्ट बसेल. मित्राला ही कल्पना अपमानास्पद वाटते. एवढी भारी जर्मन गाडी, आणि तिच्यात रिकाम्या डब्याचा पत्रा? आपल्याकडे याला पॅकिंग म्हणतात आणि ते न विचारता घालतात. गंमत म्हणजे पिर्सिगची स्वतःची गाडी जपानी होती, १९६६ ची होंडा सुपर हॉक. ती आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. सांगलीकडच्या कुठल्याही मिस्त्रीने ते पुस्तक वाचलेलं नाही आणि त्यातला निवेदक शहाणा होता हे त्याला वाचून कळण्याची गरजही नाही.

पुढचा प्रसंग स्क्रूंचा. इंजिनाच्या उजव्या बाजूचं झाकण काढायचं होतं. त्यावर फुलीचे स्क्रू. फुलीचा स्क्रू म्हणजे फुलीचा पाना, असं जगातल्या सगळ्या सरळमार्गी माणसांना वाटतं आणि तिथेच घात होतो. जपानी गाड्यांवरचे हे स्क्रू जपानी मापाचे असतात. बाजारात मिळणारा नेहमीचा फिलिप्स पाना त्यांच्यात दिसायला बसतो, पण तळापर्यंत टेकत नाही. जोर लावला की तो वर सरकतो आणि फुलीचे कोपरे खाऊन टाकतो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा फुलीच्या जागी चकाकणारी गोल वाटी तयार होते. मग छिन्नी येते. छिन्नी तिरकी धरून डोक्याच्या कडेला टोले मारत स्क्रू फिरवायचा हा उपाय मिस्त्रींच्या पिढ्यांनी वापरलेला आहे, आणि त्या झाकणावर याआधीच्या छिन्न्यांच्या खुणाही दिसत होत्या. प्रत्येक वेळी झाकण उघडायचं काम निघालं की जपानी अभियंत्याच्या त्या नाजूक फुलीवर एक मराठी टोला बसत गेला होता. गृहस्थांनी मोठ्या हौसेने जपानी मापाचा पाना परदेशातून मागवला. तो पोहोचला तेव्हा त्याने फिरवण्यासारखी एकही फुली शिल्लक नव्हती.

झाकण निघालं आणि गृहस्थांना कार्ब्युरेटर दिसला. आरएक्सचा कार्ब्युरेटर सिलिंडरच्या मागे सर्वांसमक्ष लटकत असतो, कुणीही यावं आणि स्क्रू फिरवून जावं. केबीचा मात्र इंजिनाच्या उजव्या झाकणाआड लपलेला. याचं कारण आत असलेली पातळ चकती. ती क्रँकबरोबर फिरते. तिच्या कडेला एक खाच असते. ती खाच भोकासमोर आली की पेट्रोल-हवा आत, सरकली की दार बंद. याला रोटरी डिस्क व्हॉल्व्ह म्हणतात.

या चकतीच्या जातकुळीत एक हेरकथा आहे. पूर्व जर्मनीतल्या चोपाउ गावच्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन नावाचा अभियंता होता. जेमतेम साधनसामग्री, वर कम्युनिस्ट सरकार, आणि तरी त्याने डिस्क व्हॉल्व्ह आणि सायलेन्सरच्या आकारातल्या करामती यांच्या जोरावर १९६१ साली १२५ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनातून पंचवीस अश्वशक्ती काढली. लिटरला दोनशे. त्या काळात हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नव्हता. त्याच वर्षी बर्लिनची भिंत उभी राहिली, आणि काही आठवड्यांतच त्याचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पश्चिमेला पळाला. बायकामुलांना गाडीच्या डिकीत लपवून सरहद्दीपार काढलं. डेग्नर पुढे सुझुकीकडे गेला, सोबत काडेनची विद्याही गेली, आणि १९६२ साली त्याने सुझुकीला पन्नास सीसीची पहिली जागतिक शर्यत-मालिका जिंकून दिली. त्यानंतर जपानी टू-स्ट्रोक कुणाच्या हाती लागल्या नाहीत. शीतयुद्धातून तावूनसुलाखून निघालेली ही विद्या कडब्यामागे कोंबडीच्या आसनाखाली विसावलेली असावी, हे काडेनला कुणी सांगायला हवं होतं.

यामाहाने आरएक्ससाठी दुसरा रस्ता धरला. तिथे चकती नाही, स्टीलच्या पातळ पट्ट्या आहेत. इंजिनाने हवा ओढली की त्या उघडतात, आतून दाब आला की मिटतात. रीड व्हॉल्व्ह. बाजाच्या पेटीतलं पातं हवेने थरथरतं ते जवळजवळ असंच. यामाहा या घराण्याला ते शोभूनही दिसतं, कारण त्यांची सुरुवातच मुळी बाजापासून झाली. तोराकुसु यामाहा यांनी १८८७ साली हामामात्सुतल्या एका शाळेचा बिघडलेला ऑर्गन दुरुस्त करून दिला आणि मग स्वतः ऑर्गन बनवायला घेतले. आजही आरएक्सच्या टाकीवर जी तीन काट्यांची खूण दिसते ते स्वर जुळवायचे चिमटे आहेत. म्हणजे कंपनीचा जन्मच दुरुस्तीच्या कामातून झालेला. त्या शाळेत तोराकुसुंनीही आधी 'याला कुणी खोललंय?' असंच विचारलं असेल का, हे इतिहासात नोंदलेलं नाही.

इकडे केबीचा पिस्टन जाम. टू-स्ट्रोक इंजिन वर्षानुवर्षं उभं राहिलं की रिंगा सिलिंडरला गंजून धरतात. त्याला इलाज म्हणजे प्लगच्या भोकातून डिझेल ओतायचं आणि वाट बघायची. मिस्त्री रोज सकाळी येऊन किक हलवून बघायचा, मान हलवायचा आणि दुसऱ्या गाडीकडे वळायचा. या छंदातला बराचसा काळ असाच जातो. काम चालू आहे का, असं घरच्यांनी विचारलं तर 'डिझेलमध्ये ठेवलाय' हे उत्तर चालतं. शेवटी हेड काढून, लाकडाचा ठोकळा धरून, वरून हातोड्याने हलके टोले देत पिस्टन सुटला. सोबत त्याने सिलिंडरला उभे ओरखडेही काढले.

मग ब्लॉक बोअर करायला गेला. लेथवाल्याकडे सगळ्यात आधी मायक्रोमीटर बोलतो. केबीचा मूळ बोअर साडेएकोणपन्नास मिलिमीटर. ओरखडे जाईपर्यंत आतून कातायचं आणि तितका मोठा पिस्टन घालायचा. पिस्टनची मापं पाव मिलिमीटरने वाढत जातात. ०.२५, ०.५०, ०.७५ आणि शेवटी १.००. एकेक बोअर म्हणजे इंजिनाच्या आयुष्यातली एक पायरी खर्ची. लेथवाल्याने मापून सांगितलं, हा ब्लॉक आधी पाऊणपर्यंत जाऊन आलाय, आता एकच उरलाय. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्यातल्या जुन्या लेथवर अशी माणसं अजून आहेत, ज्यांच्यासमोर हजाराच्या भाषेत बोलायला लोक घाबरतात, कारण ती शतांश मिलिमीटरच्या भाषेत ऐकत असतात. बोअर होऊन ब्लॉक आला तेव्हा आत तोंड दिसत होतं.

पिस्टन हवा म्हणून गृहस्थ नाना पेठेत गेले. दुचाकीच्या स्पेअर पार्टसाठी पुण्यात दुसरीकडे कुठे जाणार? नाना पेठेत आरएक्सचं काय हवं ते विचारा. टाकी, मडगार्ड, मीटर, मागचा दिवा, स्टिकर, अगदी नव्या गाडीसोबत येणारी हत्यारांची पिशवीसुद्धा. माल तीन प्रकारचा. लोकल, चांगला लोकल, आणि ओरिजिनल. ओरिजिनल कपाटातून काढून फडक्याने पुसून दाखवायचा असतो आणि भाव सांगताना आवाज खाली आणायचा असतो. गृहस्थांनी केबी म्हटलं तेव्हा दुकानदाराने चष्मा वर केला. "केबी? अजून आहे कुणाकडे?" तीन दुकानं झाली. चौथ्यात एका म्हाताऱ्या मालकाने शिडी लावून वरच्या फळीवरून धुळीने माखलेली पुडी उतरवली, फुंकर मारली, वरचा शिक्का वाचला आणि म्हणाला, आहे, पण उलट्या बाजूचा आहे. तो कसला पार्ट होता ते गृहस्थांना कळलं नाही. तरी घेतला. असू द्यावा, केव्हातरी लागेल. केबीच्या मालकाच्या घरात 'केव्हातरी लागेल' असं एक कपाट तयार होतं, ते असंच.

बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरणाऱ्या जुन्या बाजारातही ते फिरले. तिथे नशीब असेल तर सगळं मिळतं. त्यांना केबीचा खरा मीटर मिळाला. काटा अडकलेला, काच पिवळी, पण खरा. विकणाऱ्याला तो कशाचा आहे ते माहीत नव्हतं, त्यामुळे स्वस्तात पडला. या एका खरेदीच्या आनंदावर त्यांचा पुढचा महिनाभर उत्साह टिकला.

टाकीचं काम वेगळंच. गळकी टाकी झाळायची तर आधी तिच्यात पाणी भरतात. पेट्रोल संपलं तरी वाफ आत राहते, आणि तिला आगीची झळ लागली की टाकी आणि वेल्डर एकाच वेळी उडतात. आतला गंज काढायला नट-बोल्ट, बारीक खडी आणि ॲसिड घालून टाकी हलवत बसायचं. परदेशातले हौशी लोक टाकी गोधडीत गुंडाळून काँक्रीटच्या मिक्सरला बांधतात. कोथरूडमध्ये बांधकामं इतकी चालली असताना मिक्सर मिळायला हरकत नव्हती, पण मुकादमाने गृहस्थांकडे ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर त्यांनी घरीच हलवायचं ठरवलं. दुपारच्या वेळी तिसऱ्या मजल्यावरून येणारा तो खडखडाट काय आहे, याविषयी सोसायटीत बरेच तर्क झाले. आणि एवढं करून टाकी स्वच्छ झाली तरी आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणजे गंज पुन्हा हजर, आणि जुन्या रबरी नळ्या-सील त्याला मानवत नाहीत ते वेगळंच.

सायलेन्सर जाळावा लागला. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबत ऑइलही जळतं, त्याचा कीट सायलेन्सरच्या आतल्या नळीत जमून ती बुजते. एक तर कॉस्टिक सोड्यात बुडवायची, नाहीतर सरळ जाळात घालायची. मिस्त्रीने दुसरा मार्ग पत्करला. धूर असा झाला की समोरच्या दवाखान्यातली कंपाउंडरबाई बाहेर आली. आतली नळीच काढून टाका, आवाज फाडू येईल, असा सल्ला शेजारच्या पोराने दिला. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे फाडू आवाजाचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवला आहे, हे गृहस्थांना ठाऊक होतं. नळी परत बसली.

कागदपत्रांचा अध्याय सगळ्यांत मोठा, पण लवकर आटपलेला बरा. आरसी बुक दादांच्या नावावर, दादा हयात नाहीत, वारस तिघे, आणि गाडीचा नंबर एम अक्षराने सुरू होणारा जुना तीन अक्षरी. तो नंबर संगणकात चढलेलाच नव्हता. म्हणजे सरकारच्या दृष्टीने गाडी नव्हतीच, आणि नसलेली गाडी नावावर करून घ्यायची होती. चासीचा नंबर कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून उमटवून द्यायचा असतो. गंजात तो वाचता येईना, तेव्हा आधी गंज काढा आणि मग या, असं सांगण्यात आलं. नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी वाढवायची, ती वाढवलेली नव्हती, शिवाय पर्यावरण कर. पुढे नव्या सुरक्षा नंबरप्लेटसाठी वेळ घ्यायची, जिची मुदत सरकारने इतक्या वेळा वाढवली की तेवढी सवलत गृहस्थांना आयुष्यात दुसरीकडे कुठेही मिळाली नव्हती. कुणीतरी सुचवलं, सरळ व्हिंटेज म्हणून नोंदवा ना. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते, नोंदणीचे वीस हजार द्यावे लागतात आणि नंतर ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, फक्त प्रदर्शनं आणि रॅल्यांना. केबी पन्नाशीला पोहोचायची २०३६ साली. तोवर ती कायद्याने नुसती म्हातारी.

याच दरम्यान क्रँकचं बेअरिंग गेलेलं निघालं, चकती झिजलेली निघाली, आणि मिस्त्रीने तो शब्द उच्चारला जो या छंदात सगळ्यांना कधीतरी ऐकावा लागतो. "साहेब, पार्टसाठी एक दुसरी गाडी बघा." हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. सुटी चकती शोधत बसण्यापेक्षा अख्खी भंगार केबी उचलायची, हवं ते काढून घ्यायचं, उरलेलं विकायचं. उरलेलं आजवर कुणी विकलेलं नाही, पण ते बाजूला. बारामतीच्या पुढे एका भंगारवाल्याकडे केबी सापडली. तिला कागद नव्हते, टाकी नव्हती, पुढचं चाक नव्हतं. इंजिन मात्र होतं. मिस्त्रीने प्लग काढला, बोट लावलं, किक मारली आणि बोट झटकन मागे घेतलं. कॉम्प्रेशन असं की बोअर न मारलेलं, बहुधा कधी खोललेलंच नसलेलं इंजिन. झाकणावरच्या सगळ्या फुल्या शाबूत. परदेशातून आलेला तो पाना पहिल्यांदाच कामाला आला आणि बरोबर बसला.

आता प्रश्न असा पडला की दुरुस्त कुठली करायची. पहिलीला कागद आहेत पण इंजिन नाही. दुसरीला इंजिन आहे पण कागद नाहीत. पहिलीत दुसरीचं इंजिन घालावं तर इंजिनाचा नंबर बदलतो, म्हणजे तो आरसीवर चढवायला पुन्हा आरटीओ, आणि ते इंजिन मुळात कुणाच्या नावावर होतं हे विचारायला तिथे माणसं बसलेली आहेतच. पहिलीच्या इंजिनाची केस तशीच ठेवून दुसरीचे फक्त आतले भाग घालता येतील, असं मिस्त्रीचं मत. म्हणजे आठवड्याभराचं काम, असंही तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याने कॅलेंडरकडे बघितलं नाही. दोन्ही गाड्या सध्या गॅरेजच्या मागे शेजारी शेजारी उघड्या पडल्या आहेत. नट-बोल्टांचे दोन डबे होते, त्यांचा एक झाला आहे. गृहस्थ शनिवारी जातात, स्टुलावर बसतात, चहा पितात. गेल्या खेपेला मिस्त्री हात पुसत म्हणाला, "साहेब, जयसिंगपूरला एक उभी आहे असं ऐकलंय. चालू आहे म्हणतात." गृहस्थांनी टेम्पोवाल्याचा नंबर अजून खोडलेला नाही.